२० मिलिमीटरचं भोक

जळगावच्या एमआयडीसीत विजेचे पॅनल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी अकरा वर्षं फिटर आहे. पत्र्याला भोकं पाडण्यातच माझा निम्मा दिवस जातो. म्हणूनच मे महिन्यातलं ते एक भोक अजून डोक्यातून जात नाही.

सावद्याच्या पुढे आबांच्या केळीच्या बागेत बोअरच्या मोटारीची विजेची पेटी होती. आबांना मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारं ऑटो बसवून हवं होतं. माझं काम एवढंच, की पेटीला २० मिलिमीटरचं होल पाडायचं, केबल घट्ट धरणारी ग्लँड बसवायची आणि केबल आत घ्यायची. दुपारी दोनला पोचलो. पेटीला हात लावला तर चटका बसत होता.

आमचा नियम असा की भरलेल्या पेटीला जागेवर होल पाडायचं नाही. खालची ग्लँड प्लेट, म्हणजे केबलसाठीची बोल्टने लावलेली सुटी प्लेट, खोलायची आणि बाहेर नेऊन पाडायचं. पण प्लेटचे चारही बोल्ट गंजून एकजीव झाले होते. कापायला ग्राइंडर लागला असता आणि तो मी आणला नव्हता. आबा सारखे घड्याळ बघत होते. "बाग वाळू राह्यली भो. रातची पाळी आहे, त्याच्या आधी होऊ दे." उन्हाळ्यात केळीचं पाणी दोन दिवस चुकलं तर काय होतं ते मलाही माहीत आहे. शेवटी बाजूच्या भिंतीला वरच्या अंगाला पाडायचं ठरवलं. काँटॅक्टर, म्हणजे मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा चुंबकाचा स्विच, बरोबर त्याच्या खाली होता.

पातळ पत्र्याला मोठं भोक साध्या ड्रिलने पाडू नये. टोक पलीकडे निघून जातं, धारा अजून पत्र्यात पुऱ्या बसलेल्या नसतात, मग ड्रिल पत्र्याला धरून वर ओढतं आणि भोक गोल न होता तिकोनी होतं. सुटा पत्रा असेल तर तो फिरून हात कापतो. याच पेटीला आधी कोणीतरी तसलं एक भोक पाडलेलं होतं. त्याच्या कडेने वायरचं इन्सुलेशन सोललं गेलं होतं, कडेला बसवायचा रबरी ग्रोमेटसुद्धा घातलेला नव्हता. असं काम करून पैसे घेणाऱ्याचा मला राग येतो.

पायरी-पायरीने रुंद होत जाणाऱ्या स्टेप ड्रिलचं तसं नाही. माझं ४ ते २० चं आहे, दोन-दोन मिलिमीटरच्या नऊ पायऱ्या. आधी सेंटर पंच मारायचा म्हणजे टोक सरकत नाही. मग एकेक पायरी उतरत जायची. पत्रा पायरीच्या उंचीपेक्षा जाड नको, नाहीतर एक पायरी पुरी व्हायच्या आत पुढची कापायला लागते. पायरी वाढेल तशी मशीनची गती कमी करायची. मशीन त्याच गतीने फिरत असलं तरी २० च्या पायरीची धार ४ च्या पायरीच्या पाचपट वेगाने पत्र्यावर घासते. बरेच जण सुरुवातीला धरलेलं बटण तसंच शेवटपर्यंत दाबून ठेवतात, धार निळी पडते, आणि मग ड्रिलच खराब निघालं म्हणतात. हातमोजा मी ड्रिलवर कधी घालत नाही. फिरतं ड्रिल तो ओढून घेतं.

मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवले, टेस्टरने बघितलं. काँटॅक्टर आणि रिलेवर ओला गमछा अंथरला. पायऱ्यांना ग्रीस लावलं म्हणजे चुरा चिकटून राहतो. होल सुंदर निघालं. चुंबक फिरवलं, गमछा चारही कोपरे धरून उचलला, मग ग्लँड घालून आतून नट आवळला. साडेचारला मोटार चालवून दाखवली आणि निघालो.

रात्री साडेअकराला फोन आला. "पेटी घुमू राह्यली भो. घों घों करते." मी ओरडूनच म्हणालो, "आबा, मेन खाली करा, आत्ताच." त्यांनी आधीच केला होता. काँटॅक्टर अर्धवट ओढला गेला की कॉइल तापते, काँटॅक्ट नीट दाबले जात नाहीत, एखादी फेज सुटते आणि मोटार जळते. चारशे फुटांवरून ती काढायची म्हणजे बागेचे पाण्याचे किती दिवस गेले असते!

पहाटे पोचलो. काँटॅक्टर खोलला. चुंबकाच्या दोन तोंडांच्या मध्ये लोखंडाची एक कोर अडकलेली होती, कापलेल्या नखाएवढी, चमकदार, गंज नाही. पेटी बाहेरून आबांनी निळी रंगवलेली, आतून मूळची राखाडी. कोरीच्या एका अंगाला राखाडी रंग होता, निळा कुठेच नाही. म्हणजे ती आतल्या तोंडाची. ड्रिल पलीकडे निघताना आत जी बर, म्हणजे पत्र्याची धारदार कड, राहते, ती होती ती. वरची कड पुढच्या पायरीच्या उताराने साफ होते, आतली होत नाही. आणि माझ्या ड्रिलला २० च्या पुढे पायरीच नाही. आतून कानस फिरवायला हवी होती. हात पोचत नव्हता म्हणून मी बोटाने चाचपून सोडून दिलं. नट आवळला तेव्हा ती बर तुटली आणि तोवर मी गमछा उचललेला होता.

वर्कशॉपमध्ये फोन केला तर मालक म्हणाले, "काँटॅक्टर खराब निघाला म्हणून सांग, कंपनीवर जाईल." त्यांचं म्हणणं मला पटलं नाही. मी ती कोर आबांच्या तळहातावर ठेवली आणि कुठून पडली ते दाखवलं. त्यांनी बराच वेळ ती उन्हात फिरवून बघितली. मग म्हणाले, "मोटार वाचली ना? मग बस." काँटॅक्टरचे पैसे मीच भरले.

आदल्या दिवशी ग्राइंडर असता तर बोल्ट कापायला वीस मिनिटं लागली असती. त्या सकाळी तो सोबत होता. चारही बोल्ट कापले, प्लेट आबांच्या खाटेवर उलटी टाकून नवीन होल पाडलं आणि दोन्ही अंगांनी कानस मारली. बाजूच्या भोकाला बूच लावलं. केळीला पाणी सुटलं तेव्हा नऊ वाजले होते.