तुम्ही विचारलंत म्हणून: एका जागी टिकलो कसा?

ओळखीतली पोरं विचारतात, कधी त्यांचे आईवडील विचारतात, "तुमचं कशातच मन लागत नव्हतं म्हणे. मग जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करत, १४ वर्षं कशी काढलीत?"

आधीचा हिशोब सांगतो. बी.कॉम. झाल्यावर करसल्लागाराकडे सात महिने, मोबाईलच्या दुकानात पाच. औषधांच्या एजन्सीत दिवाळीचा बोनस घ्यायलाही थांबलो नाही. पहिले तीन आठवडे सगळीकडे मी हिरो. चौथ्यात तेच बिल, तोच रकाना, आणि खुर्चीत मुंग्या. "आवडीचं काम शोध" असं सगळे सांगायचे. निरुपयोगी सल्ला. मला सगळंच आवडायचं, तीन आठवडे.

वडील सोलापुरी चादरीच्या मागावर होते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि दोन्हींच्या वर मागाची खडखड. बेकार असलो की त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायचो. माग चालवायला बसवलं तर दोन तासांत जीव नकोसा व्हायचा. धाग्याची कांडी संपली, बदल. धागा तुटला, गाठ मार. पण माग बंद पडून जॉबर आला, की मी जेवण विसरून तिथंच उभा. छप्पर तेच, यंत्रही तेच, काम तेवढं वेगळं. एवढी साधी गोष्ट कळायला मला सत्ताविसावं वर्ष उजाडलं.

चादरीवरची नक्षी जकार्डच्या, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उठते. भोक असेल तिथं हुक ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलतो, नसेल तिथं धागा खालीच राहतो. युक्ती १८०४ सालची, फ्रान्समधली. आता समजा, चादरीवरचा मोर आंधळा निघाला. चूक दर नक्षीत त्याच आडव्या ओळीला येत असेल तर पुठ्ठा बघायचा. उभी रेघ लांबच लांब जात असेल तर हुक, नाहीतर त्याची दोरी. मागे मालक उभा, शेजारी विणकर, त्याची मजुरी बुडतेय. त्या घाईत माझं डोकं जसं चालतं, तसं शांत टेबलावर कधीच चालत नाही. आणि उद्याचा बिघाड वेगळा असतो.

सगळं गोड नाही. ठरल्या दिवशी मागाला तेल-ग्रीस करायचं अजून टाळतो. बिलं तर बायको शेजारी शेंगा सोलत बसली तरच पुरी होतात. ती बोलत नाही काही. पण ती उठली की मीही उठतो.

तीन वर्षांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आईलाही बोलावलं, कारण एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि स्वस्थ बसू न देणारा विकार, म्हणायचं तर काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. आईनं सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मी तीनदा हरवल्याचं सांगितलं. डॉक्टर हसले, मग शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली. निदान झालं, गोळी सुरू झाली. गोळीनं बिलं आवडायला लागली नाहीत, नुसतं बसता यायला लागलं. आधीच गेलो असतो तर घरातला 'आळशी' हा शब्द थोडा कमी वापरला गेला असता.

आता कुणी विचारलं की मी उलट विचारतो, चहा गार झालेला कशात कळत नाही तुला? परवा एक पोरगा म्हणाला, हॉटेलात गल्ल्यावर बसतो, पण फ्रीज बिघडला की मागून उघडून बघतो, मालक ओरडतो. त्याला आयटीआयमधल्या फ्रीज-एसीच्या ट्रेडचं सांगितलंय. दोन वर्षांचा आहे. टिकेल का, ठाऊक नाही. थिअरीचे तास असतात ना.