नवे शॉकअप, तरीही टकटक

तक्रार थोडक्यात होती. मोटारसायकलचे मागचे दोन्ही शॉकअप नवे, स्वस्तातले, नुकतेच बसवलेले. तरी खड्ड्यात डावीकडून टक आवाज येतो आणि गाडीची मागची बाजू दबतच नाही. मालकाचं निदानही तयार होतं : "तेल कमी भरलेलं असणार." स्वस्त शॉकअप म्हटलं की सगळ्यांचा पहिला संशय तेलावर जातो. माझा बुशवर, म्हणजे शॉकअपच्या टोकात बसणाऱ्या रबर आणि लोखंडी नळीच्या (स्लीव्हच्या) जोडीवर जातो.

गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी. डाव्या शॉकअपच्या वरच्या डोळ्यावर (टोकाच्या कड्यावर) बोटं ठेवून दुसऱ्या हातानं चाक खालून उचललं. चाक जरा वर जातं, बोटांना टक लागते आणि मगच स्प्रिंग दबायला सुरुवात होते. नट काढून मापलं तर चासीचा स्टड (ज्यावर शॉकअपचा डोळा बसतो तो दांडा) 12 मिमीचा आणि बुशमधल्या लोखंडी स्लीव्हचं भोक 14 मिमीचं. असे शॉकअप अनेक गाड्यांना चालावेत म्हणून भोक मोठं ठेवतात आणि सोबत बारीक भिंतीच्या जादा स्लीव्ह देतात. इथे ती घातलीच नव्हती. नट आवळल्यावर घर्षणावर सगळं जागेवर बसल्यासारखं दिसतं, पण पहिल्या जोराच्या हिसक्याला ते सरकतं. स्टडच्या खालच्या अंगाला चमकदार पट्टा पडायला लागला होता. स्टड चासीला वेल्ड केलेला असल्यामुळे तो झिजला की काम शॉकअपचं राहत नाही, चासीचं होतं.

खरी गंमत उजवीकडे होती. तिथे आवाज नव्हता, सगळं घट्ट होतं. जरा जास्तच घट्ट. वॉशर काढून उलटा केला तर त्यावर मोठं गोल वळ उमटलेलं, डोळ्याच्या बाहेरच्या कडेएवढं. व्हर्निअर लावला : डोळ्याची रुंदी 24 मिमी, आतली स्लीव्ह जेमतेम 23.2. हे उलटं हवं. स्लीव्ह डोळ्यापेक्षा दोन्ही बाजूंना थोडी बाहेर असली तरच नटाचा दाब स्लीव्हवर जातो आणि डोळा रबरावर मोकळा फिरतो. स्लीव्ह आखूड पडली की वॉशर डोळ्यालाच चासीवर दाबून धरतो. चिमटा (मागचं चाक धरणारा हलता सांगाडा) वर-खाली होताना शॉकअपचा कोन बदलत राहतो. वरचा डोळा फिरलाच नाही, तर तो कोन रॉडला वाकून भरून काढावा लागतो. म्हणून मागची बाजू जड. ऑइल सीलजवळ रॉडच्या फक्त मागच्या अंगाला तेलाचा ओलावा होता आणि त्याच बाजूला उभे ओरखडे. तेल कमी होतं हे खरं, पण ते भरताना कमी पडलेलं नव्हतं, बसवल्यानंतर गळालं होतं. ओरखडे पडलेल्या रॉडवर नवं सीलही टिकत नाही. तो शॉकअप बाद.

बदली शॉकअप त्याच बनावटीचा आणला, पण बसवण्याआधी जुन्या मूळ जोडीशी ताडून पाहिला. मालकानं ती फेकली नव्हती हे नशीब. लांबी डोळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायची, तीही शॉकअप काढून. गाडीवर तो वजनानं दबलेला असतो, म्हणून ते माप खोटं. काढलेल्या जुन्या शॉकअपची स्प्रिंग बसलेली असली तरी लांबी सहसा बरोबर मिळते, कारण पूर्ण उघडल्यावरची लांबी आतला रॉडचा अडथळा ठरवतो. जुना 335 मिमी, नवा 337. एवढा फरक चालतो. 10 मिमीचा असता तर शॉकअप तिरका असल्यामुळे मागची बाजू त्याहून थोडी जास्तच उचलली गेली असती आणि साइड स्टँडवर गाडी नको तितकी कलली असती.

स्प्रिंगची तार मात्र जुनीची 7 मिमी, नवीची 7.5. अर्धा मिमी किरकोळ वाटतो, पण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. वेढे आणि व्यास सारखे धरले तर हा फरक सुमारे 30 टक्क्यांचा होतो. स्प्रिंगचा आधीचा दाब (प्रीलोड) खाचांच्या रिंगनं कमी-जास्त करतात; एकट्यानं चालवणाऱ्याला ही स्प्रिंग पहिल्या, सगळ्यात मऊ खाचेवरच पुरते. बसवणाऱ्यानं ती चौथ्या खाचेवर ठेवली होती, कशासाठी देव जाणे.

स्लीव्ह लेथवर करून घेतल्या : आतून 12.1 मिमी, लांबी 25, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिमी बाहेर. रबर बसवताना साबणाचं पाणी वापरलं. ग्रीसनं काम सोपं होतं, पण साधं रबर त्यानं फुगतं.

हे शॉकअप दुकानात बरेच दिवस आडवे पडलेले असतात आणि तेलाच्या नळीत हवा शिरते. उभा धरून, रॉड वर आणि बॉडी खाली ठेवून, अंगाचा भार देऊन दाबत राहायचं; दाबताना हाताला लागणारी मधली पोकळ जागा गेली की थांबायचं. सोडल्यावर तो दबला त्यापेक्षा सावकाश वर यायला हवा. गाडीवरही बॉडी खालीच. साध्या, गॅस नसलेल्या शॉकअपला उलटं बसवलं की तो तेलाऐवजी हवा ओढतो, दिसायला कितीही छान दिसो.

एका वेळी एकच बाजू काढली, म्हणजे दुसरा शॉकअप चिमटा धरून ठेवतो आणि भोकं जुळवायला झटापट करावी लागत नाही. डावीकडे प्रीलोडची रिंग चेनकव्हरला घासत होती. वरच्या बाजूला जादा वॉशर घालून शॉकअप बाहेर सरकवायचा मोह होतो, पण खालीही तेवढाच घातला नाही तर तो तिरका उभा राहतो, आणि नटाला पुरेसे आटे उरतात का हेही पाहावं लागतं. त्यापेक्षा कव्हरचं भोक लांबट केलं, कव्हर 4 मिमी आत गेलं. डोम नटाखालचा मोठा वॉशर विसरायचा नाही : रबर फाटलं तर शॉकअप स्टडवरून निसटू नये म्हणून तो असतो.

नट आधी हातानं लावले. गाडी चाकांवर उतरवून, कुणाला तरी सीटवर बसवून मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळले. चाक लटकतं असताना आवळलं की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं.

माणूस बसल्यावर मागची बाजू चाकाच्या पूर्ण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश दबायला हवी. दुसऱ्या खाचेवर ती पावाच्या खाली राहत होती, म्हणून पहिल्यावर आणली. चेनचा ढिलेपणाही पुन्हा पाहिला : पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिन आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते, तिथेही थोडा ढिलेपणा उरला पाहिजे.

टक गेली, चिमटा मोकळा झाला. उसळीनंतर मागची बाजू मूळ शॉकअपपेक्षा एक झोका जास्त घेते. शॉकअपमधलं तेल अडवणाऱ्या एवढ्या साध्या व्हॉल्व्हकडून त्याहून जास्त मिळत नाही. चारही नटांवर रंगाची रेघ ओढली, आणि मालकाला सांगितलं की शे-दोनशे किलोमीटरनंतर रेघ सरकलेली दिसली तर पुन्हा आवळायचे, मागे कुणी बसणार असेल तेव्हा दोन्ही बाजू तिसऱ्या खाचेवर घ्यायच्या, एकच नाही.