छातीवरचा तानपुरा

लातूरला आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. हे गाव क्लासेसचं, त्यामुळे वर्षभर पोरांचे टी-शर्ट, मधे गणपती मंडळं, निवडणूक लागली की टोप्या. शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाचं काम आलं, हेच नवल. तालुक्याच्या गावची समिती. स्वयंसेवकांसाठी मरून टी-शर्ट, छातीवर तानपुरा.

डिझाईन त्यांनीच मोबाईलवर बनवून पाठवलं होतं. सोनेरी झळाळी, मागे मंदिर, वर ढग. पण तानपुऱ्याला सहा खुंट्या आणि दांडीवर चक्क पडदे! पडदे सतारीला असतात. तानपुरा नुसता सूर धरून ठेवतो, त्याला पडदे कशाला? सचिवांना फोन लावला.

"राहू द्या हो, कुणाला काय कळतंय?"

"साहेब, तिथं येणाऱ्यांनाच तर कळतंय."

थोडं थांबून ते म्हणाले, "मग तुम्हीच बघा." पैसे वाढवायचं काही बोलले नाहीत.

आमच्या गल्लीत एक बुवा गाणं शिकवतात. त्यांच्याकडे मिरजेचा जुना तानपुरा आहे. कागद-पेन्सिल घेऊन गेलो. चार तारा, खुंट्या दोन समोर आणि दोन बाजूंना. घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाली प्रत्येक तारेत एकेक मणी, तो सरकवला की सूर बारीक हलतो. तार आणि घोडी यांच्या मधे सुती दोरा. बुवांनी तो काढून तार छेडली, आवाज एकदम बसला. परत सरकवला तशी जवारी, म्हणजे तारेचा गुंजता झंकार, खुलली. "हा दोरा चित्रात पाहिजे बरं का," म्हणाले. मी मान डोलावली, पण छपाईत तो येणार नाही हे तिथंच कळलं होतं.

कापडावरून वेगळंच भांडण. एका जाहिरातदाराला स्वस्त पॉलिस्टर हवं होतं. मरून पॉलिस्टरवर पांढरी प्लॅस्टिसॉल शाई म्हणजे डोक्याला ताप. ती पिकवायला साधारण १६० अंश उष्णता लागते, तेवढ्यात कापडाचा रंग सुटून शाईत चढतो आणि पांढरं गुलाबी होतं. कधी कधी तर माल गिऱ्हाईकाच्या घरी गेल्यावर होतं. शेवटी तिरुपूरचं १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं, सुती घेतलं. रंग दोनच ठेवले, पांढरा आणि हळदी. ढग, झळाळी, मंदिर सगळं काढलं. ढग काढताना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

फ्रेम, म्हणजे छपाईची जाळी, एक्स्पोज करायच्या, म्हणजे उजेड देऊन तिच्यावर चित्र उमटवायच्या, दिवशीच लाईट गेली. मग गच्चीवर नेली, उन्हात. आपल्याकडचं ऊन म्हणजे फुकटचं मशीन, पण त्याला बटण नाही. उजेड पडेल तिथली इमल्शन, म्हणजे जाळीवरचा लेप, घट्ट होते, पॉझिटिव्हच्या, म्हणजे वर ठेवलेल्या पारदर्शक फिल्मच्या, काळ्या रेघेखालची मऊ राहते आणि पाण्यानं धुऊन निघते. क्षणभर जास्त झालं तर कडेचा उजेड रेघेखाली शिरतो आणि बारीक रेघ उघडतच नाही. तानपुऱ्याचा भोपळा येणारच होता, जीव अडकला होता तारांत. शेजारची काकू वाळवणाच्या निमित्तानं वर आल्या. "हे काय करू लालाव?" त्यांना उत्तर द्यायच्या आत काळं कापड टाकलं आणि नळाखाली पळालो. पाणी मारल्यावर फ्रेम उजेडाकडे धरली. चारी तारा वरपासून खालपर्यंत उघड्या.

मरूनवर हळदी रंग थेट मारला तर मातकट दिसतो. म्हणून आधी पांढरा थर, तो फ्लॅश करून, म्हणजे उष्णतेनं झटपट सुकवून, वर हळदी. तारा पांढऱ्या, मणी हळदी. माल बांधायच्या दिवशी सचिवांचा फोन आला, आणखी एक जाहिरातदार मिळाला होता. त्याला पाठीवर, खालच्या ओळीत, बाकीच्यांएवढ्याच मापात बसवला. छातीवर जागा मिळणार नाही म्हटल्यावर दर कमी करा म्हणाले. केला नाही.

बुवांसाठी एक मिडीयम वेगळा काढला होता. महोत्सवाला त्यांनी तो धोतरावर घातला, वरून जाकीट. कुणी कौतुक केलं की जाकीट बाजूला सारून दाखवायचे, "खुंट्या बरोबर, मणी बरोबर. दोरा तेवढा खाल्ला पोरानं."