हॅलोवीनच्या माहेरी, लेकरांना घेऊन

आयर्लंडमधल्या शाळांना ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर सुट्टी असते. २०२४ मध्ये दिवाळीही नेमकी त्याच आठवड्यात आली. ३१ ऑक्टोबरला पहाटे नरक चतुर्दशी आणि संध्याकाळी हॅलोवीन. डब्लिनमधल्या आमच्या घरी चकलीचा सोऱ्या आणि भोपळा कोरायची सुरी एकाच ओट्यावर होती.

थोरली सहा वर्षांची, धाकटा तीन. दुकानांत सप्टेंबरपासूनच सांगाडे टांगलेले असतात. मुखवटा घातलेलं कुणी दिसलं की धाकटा माझ्या पायाला घट्ट मिठी मारायचा. हा सण मुलांना प्लास्टिकच्या सांगाड्यांतून कळण्याआधी जिथे तो जन्मला तिथल्या मातीत कळावा, असं मला फार वाटत होतं. म्हणून सुट्टी लागताच फराळाचा डबा आणि गमबूट गाडीत टाकले आणि पश्चिमेला रॉसकॉमन काउंटीकडे निघालो.

वाटेत स्ट्रोक्सटाउन लागतं. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळाचं राष्ट्रीय संग्रहालय तिथे आहे. १८४७ मध्ये या जहागिरीतल्या १,४९० माणसांना, त्यात किती तरी लेकुरवाळी कुटुंबं, जमिनीवरून उठवून चालत डब्लिनला आणि तिथून जहाजाने कॅनडाकडे धाडलं गेलं. त्यांच्या वाटेवर आता १६५ किलोमीटरचा पायी मार्ग केला आहे आणि ठिकठिकाणी लहान मुलांचे काशाचे बूट बसवले आहेत. थोरली अशा एका जोडापाशी उकिडवी बसली, आपला पाय त्याच्या शेजारी टेकवून माप पाहिलं आणि म्हणाली, "आई, हिचे पाय माझ्याएवढेच होते." तिला सगळं सांगायची ती जागा नव्हती. एवढंच सांगितलं, की इथून निघालेल्या लोकांनी सोबत हॅलोवीनही नेला. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांना तिथे मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि आज जगभर दिसणारा तो हसरा भोपळा त्यातून आला. त्याआधी इथे कोरत ते टर्निप, म्हणजे सलगमच्या जातीचा कंद.

स्ट्रोक्सटाउनच्या पुढे टल्स्क नावाचं छोटं गाव आहे. राथक्रोहनचं माहिती केंद्र तिथेच आहे. राथक्रोहन ही कॉनॉट प्रांताच्या प्राचीन राजांची जागा. आसपासच्या कुरणांत २४०हून अधिक पुरातन स्थळं पसरलेली आहेत. मुख्य टेकाड सुमारे ८९ मीटर रुंद, गवताने झाकलेलं. गाडीतून उतरल्या उतरल्या मुलं त्यावर धावत सुटली, लोळली, पुन्हा चढली. लहान मुलांना इतिहास दाखवायचा तर अशी लोळण्याजोगी जागा हवी, असं माझं पक्कं मत झालं आहे.

तिथून जवळच एका शेतात औनागाट, म्हणजे मांजरांची गुहा आहे. साउइन हा हॅलोवीनचा मूळ सण. साउइनच्या रात्री, म्हणजे पिकं घरात आली, गुरं कुरणांतून खाली आणली आणि वर्षाची काळोखी बाजू सुरू झाली त्या रात्री, या गुहेचं तोंड उघडतं आणि पलीकडच्या जगातले जीव बाहेर येतात, अशा जुन्या आयरिश कथा आहेत. त्यात तीन तोंडांचा एलेन आहे आणि नुसत्या श्वासाने झाडंपाला जाळणारे पक्षी आहेत. एवढ्या मोठ्या दहशतीचं दार पाहायला गेलं तर काटेरी हॉथॉर्नच्या झुडपाखाली एक बुटकं, चिखलाळ भोक. मुलांना आत न्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. नवरा मार्गदर्शकाबरोबर पोटावर सरपटत आत गेला. तोंडाशी आडव्या दगडावर ओघम या प्राचीन आयरिश लिपीच्या रेघा कोरलेल्या आहेत, 'मेव्हचा मुलगा फ्रेख' अशा अर्थाच्या. मेव्ह म्हणजे आयरिश कथांतली कॉनॉटची राणी. त्या रेघा नवऱ्याने टॉर्चच्या उजेडात बोट फिरवून पाहिल्या. बाहेर आला तो कपाळापर्यंत चिखलाने माखून, आणि मुलं टाळ्या पिटत होती.

मार्गदर्शकाने मग गुडघ्यांवर बसून मुलांना मुखवट्याची गोष्ट सांगितली. त्या रात्री बाहेर भुतं फिरतात आणि आपल्याला तर कामाला जावंच लागतं. मग काय करायचं? आपणच भुतासारखं दिसायचं, म्हणजे ती आपल्याला त्यांच्यातलंच समजून सोडून देतात. धाकट्याने नीट विचार करून विचारलं, "म्हणजे मुखवट्यातला माणूस लपलाय?" हो, लपलाय. मुखवटा घाबरवायला नाही, लपायला असतो. हे एकच वाक्य आमच्या घरात त्यानंतर सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

त्याच दिवसांत घरातल्या दिवंगत माणसांसाठी चुलीपाशी जागा ठेवायची, खायला काढून ठेवायचं, अशीही इथल्या खेड्यांत रीत होती. पितृपक्षात पान वाढताना पाहिलेल्या घरांना यात परकं काही वाटणार नाही. थोरलीने तर लगेच विचारलं, की आपले पणजोबा इतक्या लांब येतील का.

दुसऱ्या दिवशी आणखी पश्चिमेला, कॅसलबारजवळच्या टर्लो पार्कमधल्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात गेलो. प्रवेश मोफत आहे. तिथल्या एका कपाटात डोनेगलमधल्या टर्निपच्या दिव्याचा प्लास्टरचा नमुना आहे. मुठीपेक्षा थोडा मोठा, बसकं नाक, आत ओढलेले गाल, दातांच्या जागी ओबडधोबड खाचा. सुकून आकसलेल्या माणसाच्या डोक्यासारखा. भोपळ्याचं हसू त्यात कुठेच नाही. मुलांनी काचेला नाक लावून तो बराच वेळ पाहिला आणि घरी गेल्यावर असाच करायचा असं ठरवून टाकलं.

टर्निप कोरणं हे खरंच मनगटाचं काम आहे. इथला टर्निप आतून पिवळसर आणि लाकडासारखा टणक. वरची चकती नवऱ्याने कापली, मी आईस्क्रीमच्या चमच्याने गर खरवडला, डोळे-तोंड थोरलीने काढून दिल्याप्रमाणे कापलं. धाकट्याने गर वाडग्यात गोळा केला. आत मेणबत्ती लावली की झाकणाची खालची बाजू भाजते आणि कोबी करपल्यासारखा गोडसर वास घरभर पसरतो. मुलांच्या झग्यांजवळ मात्र खरी ज्योत ठेवू नये. दारात ठेवताना आम्ही आत बॅटरीचा दिवा घातला.

३१ तारखेला पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, फराळ. फटाके नाहीत, कारण इथे बहुतेक फटाके सर्वसामान्यांना विकत घ्यायला कायद्याने बंदी आहे. सूर्य पाचच्या आसपास मावळतो, तो मुलांच्या वेळेला सोयीचाच. साडेचारला कॉलकॅनन करून पोटभर जेवू घातलं. उकडलेला बटाटा, केल या पालेभाजीची पानं आणि सढळ हाताने लोणी. एकदा गोळ्या-चॉकलेटांची पिशवी हातात आली की जेवण विसरायचं. नंतर बार्मब्रॅक, म्हणजे मनुका घातलेला गोडसर पाव. त्यात अंगठी लपवलेली असते आणि ती ज्याच्या तुकड्यात येईल त्याचं वर्षात लग्न ठरतं म्हणे. मुलांचे तुकडे आधी कुस्करून पाहिले. अंगठी नवऱ्याला मिळाली. हॅलोवीनला इथल्या दुकानांत भुईमुगाच्या शेंगांचे ढीगही लागतात. आमच्यासाठी तो ओळखीचा, सुखाचा वास. पण दारात येणाऱ्या कुणाला दाण्यांची ॲलर्जी असू शकते, म्हणून शेंगा घरातच फोडल्या आणि दारात गुंडाळलेली चॉकलेटं ठेवली.

उजेड असतानाच वसाहतीत फिरायला निघालो. धाकटा पांढऱ्या चादरीचं भूत झाला होता. कोपऱ्यावर कवटीचा मुखवटा घातलेला एक उंच मुलगा समोर आला. धाकट्याचा हात माझ्या हातात आवळला, मग सैल झाला. त्याने मान वर करून विचारलं, "तू पण लपलायस?" त्या मुलाने मुखवटा कपाळावर सरकवला आणि आपल्या पिशवीतलं एक चॉकलेट त्याच्या पिशवीत टाकलं.

पुढच्या घरातल्या आजींनी आमच्या मुलांना त्यांच्या लहानपणीची आरोळी शिकवली. 'ट्रिक ऑर ट्रीट' तेव्हा कुणी म्हणत नसे, डब्लिनची पोरं ओरडायची, "हेल्प द हॅलोवीन पार्टी! एनी ॲपल्स ऑर नट्स?" उरलेल्या प्रत्येक दारात आमच्या दोघांनी हीच आरोळी ठोकली. तरुण जोडपी गोंधळून पाहायची. वयस्कर माणसं मात्र मोठ्याने हसून पुन्हा आत जायची आणि स्वयंपाकघरातून सफरचंद घेऊन यायची.