नव्या शहरात कुठे जेवावे?

माझी नोकरी फिरतीची असल्यामुळे अनोळखी गावात जेवण्याची वेळ माझ्यावर नेहमीच येते आणि त्यामुळेच ओळखीची माणसे एक प्रश्न हमखास विचारतात: ‘नव्या शहरात चांगले कुठे मिळते, हे तुम्हाला कळते तरी कसे?’ विचारणाऱ्याला बहुधा दोन-चार नावे हवी असतात. नावे द्यायला मी फारसा राजी नसतो, कारण आचारी सोडून जातो, मालक बदलतो आणि पाटी मात्र तीच राहते. त्याऐवजी मी कशाकडे पाहतो ते सांगतो. त्या ठिकाणी रोज जेवणारे लोक कोण आहेत, हे मी आधी पाहतो. बाकीचे सगळे त्यानंतर.

यामागचे कारण सरळ व्यवहाराचे आहे. ज्या गिऱ्हाइकाचे पाय त्या दाराला पुन्हा लागणार नाहीत, त्याला कसेबसे जेवू घातले तरी धंद्याचे काही बिघडत नाही. मोठ्या स्थानकासमोर किंवा प्रसिद्ध वास्तूच्या दारात जागेचे भाडे जबर असते आणि गर्दी आपोआप येते, म्हणून तिथे जेवणापेक्षा जागेचेच पैसे अधिक मोजले जातात. तीच गर्दी ओलांडून दोन गल्ल्या आत गेले की चित्र बदलते, कारण तिथल्या मालकाला उद्या दुपारी त्याच माणसांच्या तोंडाकडे पाहायचे असते आणि आजची बिघडलेली आमटी त्याला उद्या ऐकून घ्यावी लागते.

मोबाइलवरच्या गुणांकनाविषयीही लोक विचारतात. ते मी पाहतो, पण सरासरीवर विसंबत नाही. त्या एका आकड्यात चव, गारवा, वाहन लावण्याची सोय आणि वेटरचे हसू असे सगळेच कालवलेले असते. पाच तारे देणारे भारावलेले असतात आणि एक देणारे चिडलेले. तीन तारे देणारा माणूस मात्र काय जमले आणि काय फसले ते बहुधा नीट लिहितो. त्यातही मी अलीकडच्या तारखांचेच अभिप्राय वाचतो.

तारे देण्याची ही रीत रूढ केली ती मिशेलिनने, आणि तिचा उगम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. टायर बनवणाऱ्या या फ्रेंच कंपनीने 1900 मध्ये मोटार चालवणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका फुकट वाटली. लोकांनी गाड्या अधिक फिरवाव्यात आणि टायर झिजावेत, हा त्यातला हिशेब होता. चांगल्या जेवणासाठी हॉटेलांना तारे 1926 मध्ये मिळू लागले, तर दोन आणि तीन ताऱ्यांच्या पायऱ्या 1931 मध्ये. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करण्याजोगे आणि तीन तारे म्हणजे मुद्दाम प्रवास करण्याजोगे ठिकाण. मोजमाप मुळातच परगावाहून येणाऱ्याच्या सोयीचे आहे. त्या शहरातला कारकून मधल्या सुट्टीत कुठे जेवतो, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येतच नाही आणि मला तर नेमके तेच हवे असते.

म्हणून मी माणसांना विचारतो, पण ‘इथे चांगले हॉटेल कोणते?’ असे कधीच विचारत नाही. त्या प्रश्नाला माणूस पाहुण्याला शोभेल असे, पाहुण्याच्या खिशाला झेपेल असे त्याला वाटणारे उत्तर देतो आणि तिथे तो स्वतः वर्षानुवर्षे गेलेला नसतो. ‘काल दुपारी तुम्ही कुठे जेवलात?’ असे विचारले की उत्तर बदलते. टॅक्सीचालक, दुकानात दिवसभर उभे राहणारे विक्रेते, रुग्णालयात रात्रपाळी करणारे कर्मचारी यांना थोड्या वेळात, थोड्या पैशांत पोटभर आणि पोट न बिघडवणारे जेवण लागते. त्यांच्याइतकी कडक परीक्षा कोणी घेत नाही.

आत शिरल्यावर शक्यतो भटारखान्याच्या दाराकडे तोंड करून बसावे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने तोंड उघडण्याआधीच त्याच्यापुढे ताट आले, वेटरने जाता जाता त्याची नेहमीची जागा पुसून दिली, तर आपण योग्य ठिकाणी आलो आहोत असे समजावे आणि वेटरला त्या ताटाकडे बोट दाखवून तेच मागवावे. परत जाणारी ताटेही पाहावीत. एकच पदार्थ तीन-चार ताटांत तसाच उरला असेल, तर तो आपण मागवू नये. मेनूकार्ड पानेच्या पाने लांब असेल तर मी सावध होतो. शेकडो पदार्थ रोज ताजे करणे छोट्या भटारखान्याला शक्य नसते, तेव्हा तयार रस्से आणि शीतपेटी यांच्यावरच काम भागवले जात असते.

स्वच्छतेची चिंता रास्त आहे, पण तिचा निवाडा फरशीच्या चकाकीवरून होत नाही. शिजलेले अन्न 5 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान रेंगाळले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे रस्त्याकडेच्या गाडीवर डोळ्यांदेखत तळलेला, वाफाळता पदार्थ हा मोठ्या हॉटेलातल्या कोमट बुफेपेक्षा पुष्कळदा निर्धोक असतो. कढईतले तेल मात्र जरूर पाहावे. वारंवार तापवलेले तेल काळपट होते, त्यावर फेस धरतो आणि ते लवकर धुरावते. गर्दी सुरू होता होता पोहोचावे, म्हणजे पहिला घाणा मिळतो.

मुक्काम मोठा असेल, तर सगळे शहर पालथे घालण्यापेक्षा एकच रस्ता धरावा. 2007 मध्ये समीक्षेसाठी पुलित्झर हे पत्रकारितेचे पारितोषिक मिळवणारे अमेरिकी खाद्यसमीक्षक जोनाथन गोल्ड यांनी उमेदवारीच्या काळात लॉस एंजेलिसच्या पिको बुलेव्हार्ड या एका लांबलचक रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलात जेवायचे ठरवले होते. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण एका रस्त्याची चार-सहा दारे ओळीने पाहिली, तरी त्या भागात कोण राहते, कोण कुठून येऊन स्थायिक झाले आहे आणि ते काय खातात, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. जेवण आवडले, तर निघताना गल्ल्यावरच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी तो स्वतः कुठे खातो ते विचारावे. पुष्कळदा ‘घरी’ असेच उत्तर मिळते, पण एखादा माणूस रस्ता समजावून सांगतो आणि रात्रीच्या जेवणाची सोय होते.