तुम्ही विचारलंत म्हणून: महाराजांच्या घरातल्या सोयरिकी

शिवाजी महाराजांच्या आठ लग्नांत प्रेम किती आणि राजकारण किती, असं वारंवार विचारलं जातं. 1640 साली सईबाईंशी लग्न झालं तेव्हा महाराज दहा वर्षांचे होते. सोयरीक घराण्यांत ठरायची. म्हणून आधी राण्यांची माहेरची आडनावं वाचावीत: निंबाळकर, मोहिते, पालकर, गायकवाड, जाधव, शिर्के, विचारे, इंगळे. एकेका आडनावामागे गावं आणि माणसं उभी होती.

सर्वांत बोलकी सोयरीक शिर्क्यांची. 1661 मध्ये महाराजांनी कोकणातलं शृंगारपूर घेतलं, तिथले सत्ताधारी सुर्वे पळाले, त्यांचे कारभारी पिलाजीराव शिर्के महाराजांकडे आले. मग साटंलोटं झालं: पिलाजीरावांची लेक येसूबाई संभाजीराजांना आणि महाराजांची लेक राजकुंवर पिलाजीरावांचे चिरंजीव गणोजी शिर्क्यांना. दोन्हीकडे एकेक लेक म्हणजे दोन्हीकडे एकेक ओलीस, असं म्हटलं तरी चालेल. पण शिर्क्यांना हवं होतं दाभोळचं वतन (वंशपरंपरेनं चालणारा हक्क), आणि महाराजांचं धोरण नवी वतनं न देण्याचं. संभाजीराजांच्या काळातही ते मिळालं नाही. सख्खे मेहुणे गणोजी मोगलांना जाऊन मिळाले. पुढे तमिळ मुलखातल्या जिंजी किल्ल्याच्या वेढ्यात तेच गणोजी मोगली फौजेत होते. किल्ल्यात अडकलेल्या राजारामांना बाहेर काढायला गणोजींची मदत हवी, तेव्हा राजारामांचे चिटणीस खंडो बल्लाळांनी आपलं दाभोळचं वतन त्यांना सोडून दिलं, असं परंपरा सांगते. लग्नानं न सुटलेली गाठ शेवटी वतनानंच सुटली.

मोहित्यांचं उलट झालं. 1680 मध्ये महाराजांच्या मृत्यूनंतर मोहित्यांची लेक सोयराबाई यांच्या बाजूनं त्यांचे पुत्र राजाराम यांचं मंचकारोहण झालं, म्हणजे त्यांना गादीवर बसवलं, तेव्हा सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सरसेनापती हंबीरराव, भाच्याकडे न जाता संभाजीराजांकडे गेले. सोयरीक झाली म्हणजे निष्ठा विकत मिळाली, असं धरून चालणारे इथेच फसतात.

लग्न हे राज्याचं चिन्हही होतं. महाराजांची मुंज झाली नव्हती, त्यामुळे आधीची लग्नं वेदमंत्रांनी लागलेली नव्हती. 29 मे 1674 ला मुंज झाली, दुसऱ्या दिवशी राण्यांशी पुन्हा समंत्रक लग्नं लागली. त्याशिवाय 6 जूनच्या अभिषेकाला सोयराबाई पट्टराणी म्हणून शेजारी बसू शकल्या नसत्या.

आणि प्रेम? मला ते एका लग्नात सर्वांत स्पष्ट दिसतं. आदिलशाही सरदार बहलोलखानाला हरवूनही सोडल्याबद्दल महाराजांनी तेव्हाचे सरसेनापती प्रतापराव गुजरांना कडक शब्दांत सुनावलं, आणि 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीच्या खिंडीत ते मोजक्या स्वारांनिशी खानावर तुटून पडले, मारले गेले. सहा वर्षांनी, 15 मार्च 1680 ला, महाराजांनी दहा वर्षांच्या राजारामांसाठी सून आणली ती प्रतापरावांची लेक जानकीबाई. तिच्या बापाची फौज आता दुसऱ्याच्या हाती होती, या सोयरिकीतून स्वराज्याला ना गड मिळणार होता ना स्वार. एकोणीस दिवसांनी महाराज गेले.