तुम्ही विचारलंत म्हणून: सेंद्रिय घेऊ की जवळचं?

माझं आजोळ पुरंदर तालुक्यातलं. मामा अजून भाजीपाला करतात. त्यामुळे सोसायटीत कुणी नवं राहायला आलं की आठवड्याभरात लिफ्टमध्ये प्रश्न येतोच : "तुमच्याकडे शेती आहे ना? मग सांगा, दुकानातलं सेंद्रिय घेऊ, की बाजारात शेतकऱ्याकडून जवळचं?"

विचारणाऱ्यानं मनात धरलेलं असतं की जवळचं म्हणजे बिनविषारी. मामांच्या गोठ्यातला कोनाडा दाखवला तर हा समज लगेच जाईल. तिथे औषधाच्या बाटल्या असतात. (आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. 'औषध मारलं' ऐकून शहरातल्या माणसाला बरंच वाटत असेल.) प्रत्येक बाटलीवर तिरका चौकोन, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग : सगळ्यात जहाल ते लाल, मग पिवळा, निळा आणि सौम्य तो हिरवा. फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, ते आतल्या घडीच्या कागदावर असतं. ते वाचायला मामांना स्वतःचा चष्मा आणि माझ्या मोबाइलचा टॉर्च, दोन्ही लागले.

"मेथीला कशाला मारू? महिन्याभरात उपटायची," मामा म्हणाले. "फ्लॉवरचं विचारू नको. अळी पडली की मारावंच लागतं. भोकाचा गड्डा तुझ्या पुण्यातली बाई हातात तरी धरते का?"

धरत नाही. मीही नाही.

मग मामा सेंद्रिय का करत नाहीत? प्रमाणपत्र हवं तर भाजीसारख्या पिकाला जमीन दोन वर्षं रूपांतरात (रासायनिक खत-औषध बंद, पण सेंद्रियचा शिक्का अजून नाही) ठेवावी लागते, अंजिराच्या बागेला तीन. तेवढ्या काळात उतारा घटतो आणि माल मात्र साध्या भावानंच विकायचा. बांधापलीकडचा फवारतो ते वाऱ्यानं येतं, ते वेगळंच. आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असंही नाही. निंबोळी अर्क, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क मारतातच; मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणसुद्धा मर्यादेत चालतं.

तरी सेंद्रियाच्या बाजूनं एक गोष्ट मला मनापासून पटते, आणि तिचा माझ्या पोटाशी संबंध नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. आपण ताटातल्या अंशाची काळजी करतो. पाठीवर पंप घेतलेल्याच्या अंगावर ते थेट उडतं. मामा तोंडाला उपरणं बांधतात, बस्स.

माझ्यापुरतं उत्तर असं. तूरडाळ, गूळ, हळद लांबूनच येतात आणि टिकतात. तिथे पाकिटावर प्रमाणित सेंद्रियची खूण बघून चार पैसे जास्त मोजते. भाजीला मात्र असा माणूस धरते ज्याला विचारता येतं. थर्माकोलच्या ताटलीत प्लॅस्टिक ओढून ठेवलेली सेंद्रिय पालक तीन दिवस शीतपेटीत बसलेली असेल तर ती मला नको.

विचारायचं एवढंच : शेवटचं औषध कधी मारलं? फ्लॉवर विकणारा "आम्ही मारतच नाही" म्हणाला की मी पुढच्या पाटीकडे जाते. "मंगळवारी मारलं, आज बारावा दिवस" म्हणणाऱ्याकडून घेते. भाजी धुऊन घेतेच, पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत भिनलेलं असतं, ते नळाखाली जात नाही. तिथे दिवसच मोजावे लागतात.

परवा मामांचा फोन आला. "रविवारी येतेस ना? फ्लॉवर मागू नको, कालच मारलंय. गवार काढून ठेवतो."